कामाची आठवण कोणाकडे?



मागे दाराशी अभियांत्रिकीची मुलंमुली उभी दिसताहेत. पुढे या बाबांनो. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि आज कोणी मंत्री येणार नाहीत याची मी अध्यक्षांकडून खात्री करून घेतली आहे.

पत्रिकेवर विषय छापला आहे तो असा : ‘ॲजाइल पद्धतीत टीम स्थिर असावी की लवचीक?’ ती वाचून एका स्नेह्यांनी फोन केला, ‘काय हो, व्याख्यान कबड्डीवर आहे का?’ मी म्हटलं, अगदीच चुकलं नाही तुमचं. कबड्डी नाही, पण रग्बीशी संबंध आहे. १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवी वस्तू कशी घडते याचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं असं, की इथे रिले शर्यतीसारखी एकानं दुसऱ्याच्या हाती काठी द्यायची पद्धत नाही. रग्बीच्या संघासारखे सगळे मिळून चेंडू पुढे नेतात. सॉफ्टवेअरवाल्यांनी तिथूनच ‘स्क्रम’ हे नाव उचललं. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. तोच ॲजाइलचा जाहीरनामा.

त्याचा गाभा आपल्या सगळ्यांना कळेल असा आहे. दोन वर्षांचा आराखडा आधीच पक्का करून बसू नका. दोन-तीन आठवड्यांत होईल एवढंच काम हाती घ्या, ते पूर्ण करून वापरणाऱ्याला दाखवा, तो काय म्हणतो ते ऐका आणि मग पुढचं ठरवा. गिऱ्हाइकाची गरज उशिरा बदलली तरी कपाळाला आठ्या घालू नका. आणि हे करायचं छोट्या टीमनं. स्क्रम या ॲजाइल पद्धतीची आजची मार्गदर्शिका दहा किंवा त्याहून कमी माणसं सांगते.

इथपर्यंत कोणाचं भांडण नाही. भांडण पुढे आहे. काम सतत बदलणार, हे ठरलं. मग काम करणारी माणसंही सतत बदलावीत का? एखादं ॲप, एखादी बँकेची प्रणाली बनवायची आहे. आठ जण वर्षानुवर्षं एकत्र ठेवायचे, की काम येईल तशी माणसं गोळा करायची आणि काम संपलं की पांगवायची? पुण्याच्या हिंजवडीत, हैदराबादेत, बंगळुरूत या प्रश्नावर रोज बैठका होतात. माणसं हलवणारे साहेब म्हणतात, आम्ही ॲजाइल आहोत, आम्हाला लवचीक राहावं लागतं. मी त्यांना एवढंच सांगतो, की २००१ च्या त्या जाहीरनाम्यात बदल आहे तो गरजांचा. माणसं पिसत राहा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा पुण्या-बंगळुरूचा प्रश्न, तो यवतमाळात कशाला? दोन कारणं आहेत. पहिलं, पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे, पुढे यवतमाळातही अभियांत्रिकीचं शिक्षण आलं, आणि इथल्या किती घरांतली मुलं आज हिंजवडीत आहेत हे तुम्हीच मोजा. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हा प्रश्न आपल्या वावरात सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीपासून सुटलेला आहे.

पाडव्याला साल ठरतं. सालदार वर्षभर राहतो. कोणत्या धुऱ्याजवळ पाणी साचतं, कोणता बैल एका अंगाला ओढतो, गेल्या साली कोणत्या तासांत पऱ्हाटी जळाली, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. कोणत्याही वहीत ते सापडणार नाही. दुसरीकडे वेचणीच्या बाया. कापूस फुटला की त्या येतात, किलोच्या भावानं वेचतात, संध्याकाळी काटा झाला की हिशेब संपला. उद्या दुसऱ्याच्या वावरात. वेचणीसाठी वर्षभराची माणसं ठेवू, असं कोणी कास्तकार म्हणतो का? नाही. आणि बैलजोडी रोज नव्या माणसाच्या हाती देतो का? तेही नाही. फुटलेलं बोंड कोणालाही डोळ्यांनी दिसतं. बैलाचा स्वभाव दिसत नाही, तो माहीत असावा लागतो.

म्हणजे कास्तकार मनात एकच प्रश्न विचारतो. या कामाला आठवण लागते का? लागत असेल तर माणूस टिकवायचा. लागत नसेल तर गुत्त्यानं द्यायचं. मला आज सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचा वेळ त्याचाच पडताळा. (सालदारकी म्हणजे सुखाचं आयुष्य, असं कोणी समजू नये. उचल घेऊन साल फेडत बसलेली माणसं या सभागृहातल्या अनेकांनी पाहिली आहेत. स्थिरतेची किंमतही कोणीतरी मोजत असतो. तिकडे मी येणार आहे.)

तर मग सॉफ्टवेअरच्या कामाला आठवण लागते का?

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांना गणित प्रिय होतं, म्हणून एक छोटं गणित. पाच माणसं एकत्र काम करतात, तेव्हा त्यांच्यात जोड्या किती? दहा. दहा माणसांत पंचेचाळीस. वीस माणसांत एकशे नव्वद. माणसं दुप्पट झाली की जोड्या चौपटीहून वाढतात. प्रत्येक जोडी म्हणजे एक वाट : याला काय येतं, त्याला काय सांगावं लागत नाही, हा ‘बघतो’ म्हणाला की काम झालं समजायचं की राहिलं समजायचं. या वाटा पडायला वेळ लागतो. आठ जणांच्या टीममधला एक माणूस बदलला, तर कागदावर एक नाव बदलतं आणि प्रत्यक्षात सात वाटा नव्यानं पाडाव्या लागतात.

फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाची धुरा वाहिली. त्यानंतर १९७५ साली त्यांनी ‘द मिथिकल मॅन-मन्थ’ हे पुस्तक लिहिलं. त्यातला निष्कर्ष आजही ऐकणाऱ्याला उलटा वाटतो : उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली, की उशीर आणखी वाढतो. का? कारण जुनी माणसं काम सोडून नव्यांना शिकवायला बसतात, आणि जोड्या वाढतात. पन्नास वर्षं झाली. आजही प्रकल्प घसरला की पहिला फोन कशासाठी जातो? ‘आणखी चार जण पाठवा.’

आणखी एक प्रकार आहे, त्याला कंपनीत अलोकेशन म्हणतात. एक मुलगी पन्नास टक्के या प्रकल्पात, तीस टक्के त्या प्रकल्पात, उरलेले वीस टक्के तिसऱ्यात. एक्सेलच्या तक्त्यात बेरीज शंभर येते आणि साहेबांचं समाधान होतं. पण ती तीन ठिकाणच्या सकाळच्या स्टँडअप बैठकीला हजर असते, तीन ठिकाणचे वाद डोक्यात घेऊन झोपते, आणि तिन्ही ठिकाणी तिच्याबद्दल म्हणतात, ‘ती आपली पूर्णवेळ नाही.’ तक्ता शंभर दाखवतो. माणूस शंभर राहतो का?

तुम्ही म्हणाल, हे अनुभवाचे बोल झाले, पुरावा काय? पुरावा विमानात आहे. १९८६ साली अमेरिकेच्या नासा संस्थेनं वैमानिकांच्या थकव्याचा अभ्यास केला. एका बाजूला ताजेतवाने, विश्रांती घेतलेले वैमानिक. दुसऱ्या बाजूला काही दिवसांची ड्यूटी नुकतीच संपवून आलेले, थकलेले. दोघांना विमानाच्या नकली कॉकपिटमध्ये बसवून अडचणीचं उड्डाण दिलं. चुका जास्त कोणाच्या? आपण सगळेच म्हणू, थकलेल्यांच्या. निघालं उलटं. थकलेल्या जोड्यांनी कमी चुका केल्या. कारण ते नुकतेच एकत्र उडून आले होते. ताजे होते ते एकमेकांना नवे होते. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं १९७८ ते १९९० या काळातले ३७ मोठे अपघात तपासले, असे की ज्यांत वैमानिकांच्या हातून चुका झाल्या होत्या. ज्या अपघातांत वैमानिक कधीपासून एकत्र होते ही माहिती हाती होती, त्यांतले ७३ टक्के त्या वैमानिकांच्या एकत्र कामाच्या पहिल्याच दिवशी झाले होते, आणि ४४ टक्के तर पहिल्याच उड्डाणात. प्रत्येक वैमानिक आपापल्या जागी तरबेज. नवी होती ती जोडी.

बरं, हे वैमानिकांपुरतंच आहे का? रॉबर्ट हकमन, ब्रॅडली स्टाट्स आणि डेव्हिड अप्टन यांनी आपल्याच देशातल्या विप्रो कंपनीचे सॉफ्टवेअर प्रकल्प तपासले. हजारावर प्रकल्प, हजारो माणसं. त्यांचा अभ्यास २००९ साली छापून आला. टीममधली कोणती दोन माणसं आधी किती वेळा एकत्र काम करून आली आहेत, हे त्यांनी मोजलं. ही जुनी ओळख पन्नास टक्क्यांनी वाढली, तर सॉफ्टवेअरमधले दोष १९ टक्क्यांनी कमी आणि ठरलेल्या खर्चापासून भरकटणं ३० टक्क्यांनी कमी, असा त्यांचा हिशेब. आणि माणसांच्या एकूण अनुभवाची वर्षं? त्यांचा कामगिरीशी ठाम संबंध लागला नाही. बायोडाटावर ‘आठ वर्षांचा अनुभव’ असं आपण ठळक अक्षरांत लिहितो. कोणाबरोबर घेतला तो अनुभव, हे कोणी विचारत नाही!

आता मराठी माणसांनी उभ्या केलेल्या एका व्यवस्थेकडे वळू. मुंबईचा डबेवाला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं मानतात. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव इकडची ही माणसं. त्यांच्याबद्दल कौतुकाचे इतके लेख झाले आहेत की आणखी कौतुक नको. मला त्यांच्या रचनेतल्या दोनच गोष्टी दाखवायच्या आहेत. हार्वर्डच्या स्टीफन थॉम्के यांनी २०१० साली त्यांचा अभ्यास केला, त्यात त्या नीट आल्या आहेत. एक म्हणजे गट. पंचवीसच्या आसपास माणसांचा एक गट, त्याचा मुकादम, त्याचा स्वतंत्र हिशेब, कमाईची वाटणी. माणूस गटात आला की वर्षानुवर्षं तिथेच. गिऱ्हाइकं बदलतात, कोणी घर बदलतं, कोणी नोकरी, कोणी आईकडे राहायला जातं, डब्यांचे पत्ते रोज थोडे थोडे बदलतात, गट तोच. काम हलतं, माणसं हलत नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा असतात. त्या दिवशी त्यांच्या वाट्याला ठरलेली ओळ, म्हणजे डब्यांची फेरी, नसते. कोणी आजारी पडला, कुठे लोकल रखडली, की ती धावतात, आणि त्यांना गटाच्या सगळ्या ओळी ठाऊक असतात. आता सांगा, एखाद्या कंपनीच्या तक्त्यात ही माणसं कशी दिसतील? रिकामी! कंपनीच्या बोलीत ‘बेंचवरची’! पहिल्या आठवड्यात त्यांना दुसऱ्या प्रकल्पावर पाठवलं जाईल. मग ज्या दिवशी लोकल रखडेल त्या दिवशी बाहेरून माणूस मागवला जाईल, आणि त्याला डब्याच्या झाकणावरची खूण वाचता येणार नाही. लवचीकपणा हवा आहे ना? तो डबेवाल्यांकडे आहेच. पण तो गटाच्या आत आहे. गट मोडून मिळवलेला नाही.

म्हणून नवं काम आलं की मी कंपन्यांना एकच सांगत असतो : त्यासाठी नवी टीम जुळवू नका, जी टीम जुळलेली आहे तिच्यापुढे ते काम ठेवा. तिच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीत, घाला. तिला एखादं तंत्र येत नसेल तर शिकवा. तंत्र काही महिन्यांत शिकता येतं. आठ माणसांचा एकमेकांवरचा विश्वास शिकवणीनं येत नाही.

पण थांबा. मी जर इथेच थांबलो तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल, कारण लवचीक टीमची उत्तम उदाहरणंही आपल्याकडेच आहेत. दोन सांगतो.

पहिलं याच जिल्ह्यातलं. १० जुलै १९३०. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापायचं आणि अटक करून घ्यायची. अणे पकडले गेले. सत्याग्रह थांबला का? नाही. दुसरी तुकडी आली, मग तिसरी. रोज नवी माणसं, नवे म्होरके, बऱ्याच जणांची आधी ओळखही नसेल. याहून लवचीक टीम कोणती? आणि ती चालली. का चालली? कारण काम अगदी छोटं होतं आणि सगळ्यांसाठी एकच होतं. विळा घ्या, गवत कापा, हात उचलू नका, पळू नका. कालच्या तुकडीनं आजच्या तुकडीला काही समजावून सांगायची गरज नव्हती. किंबहुना कालची तुकडी तुरुंगात होती, ती सांगणार तरी काय! जिथे आठवणीची गरज नाही, तिथे माणसं बदलली तरी काम अडत नाही.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. ८ जुलै १९२१, मुंबई. ‘संयुक्त मानापमान’. इथल्या ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर आत्ताच हसू आलं. तरुणांसाठी सांगतो. त्या काळी मराठी संगीत रंगभूमी नाटक मंडळ्यांची होती. मंडळी म्हणजे बिऱ्हाडच : गायक नट, साथीदार, रंगवणारे, स्वयंपाकी, सगळे वर्षभर एकत्र राहणारे, गावोगाव फिरणारे. किर्लोस्कर मंडळी १८८० पासूनची. तिनं १९११ साली खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींचं. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. तिकडे केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्येच हुबळीला ललितकलादर्श काढली होती. गंधर्व आणि ललितकलादर्श, दोन मातब्बर मंडळ्या, दोघींचा प्रेक्षक वेगळा आणि दोघींच्या चाहत्यांचे वाद तर विचारू नका. टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघी एका रात्रीपुरत्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. तो प्रयोग मराठी माणूस शंभर वर्षांनंतरही विसरलेला नाही.

आता माझ्या विषयाच्या चष्म्यातून या रात्रीकडे बघा. दोन वेगळ्या टीममधली माणसं, एक रात्र, एकच काम. आजच्या भाषेत तात्पुरती जुळवलेली टीम. ती जमली कशी? नाटक दहा वर्षांचं जुनं होतं. प्रवेश ठरलेले, पदं ठरलेली, चाली सगळ्या महाराष्ट्राच्या ओठांवर. कामाची आठवण संहितेत आणि संगीतात पक्की होऊन बसली होती. माणसांनी ती डोक्यात वाहून आणायची गरज फारशी उरली नव्हती. आणि प्रत्येक जण मागे आपल्या घरच्या मंडळीत वर्षानुवर्षं घडून आलेला होता. एका रात्रीचा तो लवचीकपणा दोन मंडळ्यांच्या स्थिरतेच्या जोरावर उभा होता. (त्यानंतर तीन महिन्यांतच, ऑक्टोबर १९२१ मध्ये केशवराव गेले. वय अवघं एकतीस. ललितकलादर्श मात्र संपली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती चालवली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी. मुख्य नट गेला आणि मंडळी उरली! आजच्या किती कंपन्यांत मुख्य माणूस गेल्यावर टीम उरते?)

आजही आपल्या नाटकांत रिप्लेसमेंट होते. एक नट मालिकेच्या चित्रीकरणात अडकला की दुसरा थोड्याशा तालमीवर उभा राहतो. कारण संहिता हातात असते. मग व्यवस्थापक विचारतात, सॉफ्टवेअरमध्ये असं का होऊ नये? लिहून ठेवा सगळं, दस्तऐवज करा, नव्याला केटी, म्हणजे कामाची माहिती, द्या! अहो, पण सॉफ्टवेअरमध्ये प्रयोग चालू असतानाच नाटक लिहिलं जात असतं. दर दोन आठवड्यांनी एक प्रवेश बदलतो. हा निर्णय का घेतला, तो पर्याय का सोडला, ही विचित्र दिसणारी ओळ काढली तर काय कोसळतं, हे ज्यानं लिहिलं त्याला माहीत असतं आणि शेजारी बसलेल्याला थोडं माहीत असतं. कागदावर ते क्वचित उतरतं. जिथे उतरतं, जिथे काम खरोखरच जुनं आणि ठरलेलं आहे, तिथे मी लवचीक टीमला आनंदानं हो म्हणेन. चाचण्यांची ठरावीक कामं, एका प्रणालीतून दुसरीत माहिती हलवणं, वर्षाअखेरची गर्दी : लावा माणसं गुत्त्यानं. कोणी अडवलं आहे?

आता दुसरी बाजू. स्थिर टीम कधी बिघडते का? बिघडते, आणि बऱ्यापैकी ठरलेल्या वेळी बिघडते. एमआयटीच्या राल्फ कात्झ यांनी १९८२ साली एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या संशोधन विभागातले पन्नास गट अभ्यासले. टीम जुळली की कामगिरी चढत जाते, साधारण दोन ते चार वर्षांच्या सहवासाच्या टप्प्यावर ती सर्वांत चांगली असते, आणि पाच वर्षांपुढे उतरायला लागते. कारण? माणसं म्हातारी होतात असं नाही. ती बाहेरच्यांशी बोलणं कमी करतात. आपल्याला माहीत आहे, बाहेरचा काय सांगणार, असं वाटायला लागतं. आठवण इतकी भरून राहते की नवं ऐकायला जागा उरत नाही. ‘आमच्याकडे असंच चालतं’ हे वाक्य ज्या टीममध्ये वरचेवर ऐकू येतं, तिचं वय तपासून बघा.

आणि स्थिर टीमचा खर्च? तोही खोटा नाही. नाटक मंडळ्यांनाच विचारा. प्रयोग असो नसो, बिऱ्हाडाला जेवू घालावं लागतं. गंधर्व मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला. १९३० नंतर बोलपट आले, आणि एकेक मंडळी मोडत गेली. पुढे नटाला प्रयोगागणिक नाइट देण्याची पद्धत रूढ झाली. त्या बदलात रंगभूमीनं काही गमावलं असं म्हणणाऱ्यांत मी आहे, पण कर्जात बुडालेल्या मालकाला ते सांगायला मी धजणार नाही.

मग करायचं काय? अमेरिकेत हायडी हेल्फंड नावाच्या बाई आहेत, सॉफ्टवेअर कंपन्यांत वर्षानुवर्षं टीम घडवण्याचं काम केलेल्या. त्यांचं म्हणणं, टीम बदलतेच. लग्नं होतात, बदल्या होतात, कोणी सोडून जातं. तेव्हा बदल नीट करायला शिका. त्यांनी बदलाचे प्रकार सांगितले आहेत. एकेक माणूस येतो-जातो. टीम वाढते आणि दोन होते, जशी किर्लोस्करमधून गंधर्व निघाली. दोन टीम एक होतात. कधी माणसं स्वतःहून अदलाबदल करतात. मला यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. स्वतःहून! ज्यानं टीम बदलली त्यानंच ते ठरवलं होतं का? माझ्या लेखी स्थिर आणि लवचीक या वादापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. आठ जणांतले सहा जण टिकावेत, एकदोघं वर्षाकाठी आपल्या इच्छेनं इकडून तिकडे जावेत, नवे एकेक करून यावेत. एका दिवशी चार नवे आणून बसवू नयेत. कात्झ यांनी दाखवलेला टीमचा आजार बरा व्हायला एवढी हवा पुरते.

मी मघाशी म्हटलं होतं, स्थिरतेची किंमत कोणीतरी मोजतो. लवचीकतेचीही मोजतो. कोण? हे यवतमाळात उच्चारताना मला जपून बोलावं लागेल. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली, शेकडो माणसं आजारी पडली, वीसच्या आसपास गेली. त्यांत रोजानं फवारायला जाणारे मजूर बरेच होते. कारणं पुष्कळ होती, पऱ्हाटी वाढली होती, औषधांचं मिश्रण होतं, अंगावर काही संरक्षण नव्हतं. ती सगळी मी इथे उगाळत नाही. एकच बघा. रोजानं फवारणारा आज या वावरात, उद्या त्या वावरात. प्रत्येक मालकाला माहीत होता तो फक्त त्याचा एक दिवस. लागोपाठ किती दिवस हा माणूस विषात उभा आहे, याची बेरीज कोणाकडे होती? कोणाकडेच नाही. ती फक्त त्याच्या शरीरात होत होती.

हिंजवडीच्या वातानुकूलित खोलीत बसलेल्या मुलाची या माणसाशी तुलना करायची नाही, ती अन्यायाची होईल. पण बेरीज कोणी ठेवत नाही हा धागा दोन्हीकडे आहे. वर्षात चौथ्यांदा प्रकल्प बदललेल्या मुलीच्या शेवटच्या मॅनेजरला तिचे दोन महिने माहीत असतात. वर्षाअखेरीस तिचं मूल्यमापन तोच करतो. आधीच्या तिघांकडे तिनं रात्री जागून काय सावरलं, ते त्या तीन टीमबरोबर पांगलं. काम संपलं की बेंच. बेंचवर आठवडे लांबले की एचआरचा फोन. लवचीक कोण आहे या व्यवस्थेत? कंपनी म्हणते आम्ही. वाकतं कोण?

म्हणून पुढच्या वर्षी मुलाखतीला बसणाऱ्या मुलामुलींसाठी तीन प्रश्न. पगार, बॉण्ड, ठिकाण हे तुम्ही विचारालच. त्याच्या जोडीला हे विचारा. ज्या टीममध्ये मला घेताय ती किती दिवसांपासून एकत्र आहे? मला दुसरीकडे हलवायचं झालं तर आधी मला विचारलं जातं का? आणि हलवलं, तर जुनं काम सोपवायला आणि नवं समजून घ्यायला किती दिवस देता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला समोरच्याला फाइल उघडावी लागली तर लक्षात ठेवा. दुसऱ्याला तो हसला तर तेही लक्षात ठेवा. तिसऱ्याला ‘दोन दिवस’ असं उत्तर आलं, तर आकडा कितीही गोड असो, आणखी एका ठिकाणी मुलाखत देऊन या.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. मी थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ, आणि ज्यांची मुलं बेंचवर आहेत अशा पालकांना पहिली संधी देऊ.